घरचा टेलिफोन इंटरनेटवर नेतांना

टेलिफोन घरांत कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न तीस वर्षांपूर्वीं कोणी विचारला असता तर ऐकणाऱ्यास हंसूं आलें असतें. टेलिफोन घराचा असे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, बहुधा विणलेल्या रुमालाखालीं, तो आपलें आसन मांडून बसे. घंटा वाजली कीं जवळ असेल त्यानें तो उचलावा, आणि ज्याचें काम असेल त्याला माडीवर किंवा मागील दारीं हांक मारावी, अशी रीत होती. वहिनींच्या माहेराहून फोन आला तर तो एकट्या वहिनींसाठीं येत नसे. पांच माणसांच्या हातांतून फिरून मग तो खालीं ठेवला जाई. आज त्याच घरांत सात माणसें व आठ मोबाइल असतात. प्रत्येकाचा नंबर निराळा, प्रत्येकाची घंटा निराळी. आणि तरीहि दुपारीं घरीं एकट्या असलेल्या आजीबाईंना बाहेरून गांठावयाचें म्हटलें तर त्यांचा मोबाइल उशीखालीं, मुका करून ठेवलेला सांपडतो. माणसांना फोन मिळाले. घराला मात्र फोन उरला नाहीं.

ही उणीव ज्यांना जाणवते अशीं कुटुंबें हल्लीं घरच्या फोनाकडे पुन्हां वळूं लागलीं आहेत, व त्याला निमित्तहि सहज मिळालें आहे. शहरोशहरीं, किंबहुना तालुक्याच्या गांवींहि, कांचेच्या तंतूवरून इंटरनेट घरांत येऊं लागलें आहे. भारत संचार निगम असो, जिओ असो कीं एअरटेल असो, या तंतूबरोबर घरच्या फोनाचा एक नंबरहि बहुतेक योजनांतून मिळतो. त्यासाठीं निराळी तार ओढावी लागत नाहीं. भिंतीवर जी एक पांढरी पेटी बसवितात, तिच्याच पाठीमागें फोनाची पिन खोंचण्याची जागा असते. (कंपनीचीं माणसें या पेटीला ‘ओएनटी’ म्हणतात, घरांतील मुलें ‘राउटर’ म्हणतात, आपण आपली पेटी म्हणूं.) पुष्कळ घरीं ती जागा वर्षानुवर्षें रिकामीच असते. ज्यांना तिचा पत्ता लागतो ते फोन आणून जोडतात, घंटा वाजते, सर्वांना आनंद होतो, आणि विषय तेथेंच संपतो.

आमच्या मतें तो तेथें संपूं नये. जुना फोन व नवा फोन दिसावयास सारखे, वाजावयासहि सारखे. पण एका बाबतींत दोहोंमध्यें मोठें अंतर आहे. जुन्या फोनाला जगविण्याचें काम टेलिफोन खात्याकडे होतें. नव्या फोनाला जगविण्याचें काम, कोणी कांहीं न सांगतां, घरमालकाकडे आलें आहे. हें ध्यानांत न ठेवतां घेतलेला फोन सुखाच्या दिवसांत उत्तम चालतो व नेमका अडचणीच्या वेळीं मुका होतो. आणि घराला फोन लागतो तो मुख्यतः अडचणीच्याच वेळीं.

हें अंतर कसें पडलें हें समजण्यास जुन्या व्यवस्थेची घडण थोडी पाहिली पाहिजे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनाचें पेटंट १८७६ सालीं मिळालें. त्यानंतर सहाच वर्षांनीं, २८ जानेवारी १८८२ रोजीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोन केंद्रें उघडलीं. पुढें जी व्यवस्था स्थिर झाली तिचें रूप साधें होतें. केंद्रापासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक स्वतंत्र जोडी गेलेली असे. या जोडींतून बोलणें येई-जाई, आणि फोनाला लागणारी वीजहि त्याच जोडींतून येई. केंद्रांत शिशाच्या बॅटऱ्यांची मोठी रांग असे व ती ४८ व्होल्टांचा दाब सर्व तारांवर अखंड ठेवी. बॅटरीचें धन टोंक जमिनीस जोडावयाचें व तारेवर ऋण दाब ठेवावयाचा अशी पद्धति होती, कारण तशानें ओल्या जमिनींतल्या तांब्याला गंज कमी चढतो. ज्यानें कोणी हें शोधून काढलें त्यानें खात्याचे अपार तांबें वांचविलें असेल. घंटा वाजवावयाची झाली म्हणजे केंद्र त्याच तारेवर ७५ ते ९० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह सोडी. तार जोडीत असतां नेमका फोन आल्यामुळें ज्यांच्या बोटांनीं झटका खाल्ला आहे त्यांना हा आंकडा पटवून देण्याची गरज नाहीं.

शहरांतील वीज गेली तर केंद्रांतील बॅटऱ्या, आणि मागाहून डीझेलचें जनित्र, हें काम पुढें चालवीत. म्हणून सारी गल्ली काळोखांत असली तरी फोन उचलतांच कानाशीं तो ओळखीचा एकसुरी नाद येई. याचें श्रेय आपण खात्याला कधीं दिलें नाहीं. पावसाळ्यांत लाइन आठ-आठ दिवस बंद पडली, तारेंत खरखर आली, लाइनमनच्या मागें हिंडावें लागलें, एवढेंच आठवणींत राहिलें. आणि तेंहि खोटें नव्हतें.

नव्या फोनांत ही तांब्याची जोडी नाहीं. बोलणाऱ्याचा आवाज पेटींत शिरतांच त्याचें माप घेतलें जातें, तें एका सेकंदांत ८,००० वेळां. प्रत्येक माप शून्य व एक अशा आठ अंकांत लिहिलें जातें. म्हणजे सेकंदाला ६४,००० अंक झाले. सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत जितकीं मापें जमतात, म्हणजे १६०, तितक्यांचें एक पुडकें बांधून व त्यावर पत्ता घालून तें रवाना करण्यांत येतें. अशीं ५० पुडकीं दर सेकंदाला जातात व तितकींच येतात. वेष्टनाचें ओझें धरलें तरी एका संभाषणाला प्रत्येक दिशेनें सेकंदास ८० ते ९० हजार अंक पुरतात. ज्या तंतूवरून घरांत सेकंदाला पांच-दहा कोटि अंक येतात, त्याच्या दृष्टीनें हें म्हणजे लग्नाच्या पंक्तींत एक पान अधिक मांडण्यासारखें आहे. ‘फोन घेतला तर सिनेमा अडखळेल,’ ही मुलांची भीति म्हणूनच निराधार होय.

उलट बाजूनें विचारलेला प्रश्न मात्र खरा आहे. सिनेम्यामुळें फोन अडखळेल काय? सिनेम्याचें पुडकें उशिरा आलें तरी बिघडत नाहीं, कारण त्यानें पुढचा साठा आधींच करून ठेवलेला असतो. बोलण्याला साठा नसतो. एका तोंडून निघालेला शब्द दुसऱ्या कानीं सुमारें १५० मिलिसेकंदांच्या आंत पोंचला तर संभाषण स्वाभाविक वाटतें. त्याहून फार उशीर होऊं लागला कीं दोघेहि एकदम बोलूं लागतात व एकदम थांबतात. पेटीलाच जोडलेल्या फोनासाठीं कंपनी बहुधा तंतूवर निराळी वाट राखून ठेवते, त्यामुळें तेथें ही अडचण येत नाहीं. परंतु वाय-फायवरच्या मोबाइलवरून घरचा नंबर वापरावयाचा झाल्यास घरांतल्या गर्दींतूनच वाट काढावी लागते. जुन्या वाड्याच्या माजघरांत आवाज तुटतो त्याचा दोष लोक इंटरनेटला देतात. खरा दोष दीड हात जाडीच्या भिंतीचा असतो. जेथें तार नेतां येईल तेथें तारच न्यावी.

हा प्रकार कालपरवांचा नव्हे. १९७४ सालींच अमेरिकेंतील ‘आर्पानेट’ या प्रयोगजालावर बोलण्याचीं पुडकीं पाठवून झालीं होतीं, आणि १९९५ मध्यें व्होकलटेक नांवाच्या इस्रायली कंपनीनें घरगुती संगणकासाठीं ही सोय विकावयास काढली. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनें आपल्याकडे इंटरनेट सर्वांस खुलें केलें. पण त्यावरून टेलिफोनासारखें बोलण्यास मनाई होती. ती मनाई १ एप्रिल २००२ पासून अर्धीमुर्धी उठली. संगणकावरून परदेशच्या फोनाशीं बोलण्याची मुभा मिळाली, परंतु आपल्याच देशांतील साध्या फोनाशीं नाहीं. पुण्यांतल्या संगणकावरून न्यू जर्सीच्या लेकीच्या फोनावर तासभर बोलावें, आणि साताऱ्याच्या नणंदेला मात्र तसा फोन करतां येऊं नये, अशी ही चमत्कारिक अवस्था होती. २०१८ मध्यें दूरसंचार खात्यानें परवानाधारक कंपन्यांपुरता हा अडसर दूर केला.

असो. आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश येतो. वीज येत नाहीं. केंद्रांतल्या बॅटऱ्यांचा तो दूरचा आधार येथें तुटला. पेटी घरच्या विजेवर, बहुधा १२ व्होल्टांच्या लहानशा अडॅप्टरवर चालते. वीज गेली कीं पेटी बंद, पेटी बंद कीं फोन बंद. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व आसपासच्या मुलुखाची वीज एकाएकीं गेली. ते करोनाचे दिवस. कचेऱ्या घरांतून चालत होत्या, शाळा घरांतून चालत होत्या, आणि घरांतील वृद्ध माणसें दाराबाहेर पडत नव्हतीं. कोठें दोन तासांनीं, कोठें त्याहून बरेंच उशिरा वीज परत आली. तेवढा वेळ, ज्या घरीं पेटीला दुसरा आधार नव्हता तेथील तंतूवरचा फोन म्हणजे नुसतें प्लॅस्टिकचें खेळणें होतें. त्याच वर्षीं ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां कोंकणांतील कित्येक गांवांत अनेक दिवस वीज नव्हती व मोबाइलहि चालत नव्हते. तेथें तांब्याची तार तरी पडलेल्या झाडांखालीं कोठें टिकली असती, असें कोणी म्हणेल. आणि तें बरोबर आहे. परंतु आपल्या घरीं येणारीं संकटें बहुधा चक्रीवादळें नसतात. ट्रान्सफॉर्मर जळतो, दुरुस्तीसाठीं गुरुवारीं वीज बंद ठेवतात, आणि त्याच दुपारीं आजोबांच्या छातींत कळ येते.

याची तरतूद कठीण नाहीं व फारशी महागहि नाहीं. पेटीच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत व्होल्ट व अँपिअर छापलेले असतात, ते भिंगानें पाहावे. १२ व्होल्ट व १ अँपिअर असें असेल, तर दोहोंचा गुणाकार १२, म्हणजे पेटी फार तर १२ वॅट वीज घेते. घरीं इन्व्हर्टर असेल तर वायरमनकडून इन्व्हर्टरच्या वाटेवरचें एक सॉकेट पेटीजवळ आणवून घ्यावें, म्हणजे काम झालें. पंखे व दिवे आवरते ठेवल्यास १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी नुसत्या पेटीला एक दिवस व एक रात्र सहज पोसते. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठींच बनविलेली लहान बॅटरी-पेटी बाजारांत ‘मिनी यूपीएस’ या नांवानें मिळते. ती घेतांना एका युक्तीस फसूं नये. वेष्टनावर ८,००० मिलिअँपिअर-तास असा भारदस्त आंकडा असतो. परंतु तो बहुधा आंतल्या ३.७ व्होल्टांच्या घटांचा असतो, १२ व्होल्टांचा नसतो. ८ ला ३.७ नें गुणावें, सुमारें ३० वॅट-तास होतात. त्यास १२ नें भागावें, अडीच तास येतात. आणि गळती वजा जातां प्रत्यक्षांत दोन तास धरावे. मॅट्रिकपर्यंतचें हें गणित दुकानांतच करावें, घरीं आल्यावर करूं नये.

पेटीच्या पलीकडचाहि थोडा विचार हवा. तंतु थेट घरांत येत असेल तर केंद्रापासून घरापर्यंत विजेचें दुसरें यंत्र सहसा नसतें. एका तंतूचे ३२ किंवा ६४ फांटे करणारी मधली डबी नुसत्या कांचेची असते व तिला वीज लागत नाहीं. पण कांहीं इमारतींत तंतु जिन्याखालच्या कपाटापर्यंतच येतो आणि तेथून घरोघर साधी केबल जाते. त्या कपाटांतील यंत्राला वीज लागते व ती सोसायटीच्या मीटरवरून येते. अशा वेळीं आपल्या घरांत इन्व्हर्टर कितीहि गुणगुणत असला तरी जिन्याखालीं काळोख असल्यास फोन बंदच राहावयाचा. जोडणी करावयास आलेल्या माणसाला हें पहिल्याच दिवशीं विचारावें. तो कांकूं करूं लागला तर स्वतः खालीं जाऊन पाहावें. आणि सर्व झाल्यावर एकदां, घरांत माणसें असतांना, मेन स्विच बंद करून फोन उचलावा व शेजारच्या घरीं लावून पाहावा. जी गोष्ट पाहुण्यांच्या देखत करण्याची लाज वाटणार नाहीं ती संकटाच्या आधीं करण्याची कां वाटावी?

इंग्लंडांत तर हा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. तेथील तांब्याचे सर्व फोन इंटरनेटवर नेण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, त्याला डिसेंबर २०२५ ही मुदत ठरली, आणि पुढें ती जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली. मुख्य अडचण यंत्रांची नव्हती, म्हाताऱ्या माणसांची होती. तिकडे एकटीं राहणारीं वृद्ध माणसें गळ्यांत एक बटण बाळगतात. पडलीं-झडलीं तर तें दाबतात व फोनाच्या तारेवरून मदत-केंद्राला सूचना जाते. अशीं लाखों माणसें त्या तारेवर विसंबून होतीं. तीं ऐन वेळीं निराधार होऊं नयेत म्हणून कंपन्यांना थांबविण्यांत आलें. ज्यांना घरच्या फोनाखेरीज दुसरें साधन नाहीं त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी संकटकालीन फोन करतां यावा, अशी अपेक्षा तेथील ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेनें २०१८ सालींच कंपन्यांना घालून दिली होती. आपल्याकडे पेटी कंपनी देते. बॅटरीचें मात्र ज्याचें त्यानें पाहावयाचें असतें.

विजेनंतर दुसरी गोष्ट पत्त्याची. तांब्याच्या जोडीचें एक टोंक केंद्रांत व दुसरें आपल्या भिंतींत पक्कें असे. म्हणून नंबर कळला कीं घर कळलें. इंटरनेटवरच्या फोनाला असें बंधन नाहीं. अमेरिकेंतील कित्येक मराठी घरीं असा फोन फार वर्षांपासून आहे. मुठीएवढा एक अडॅप्टर विकत आणावयाचा, एका बाजूनें तो राउटरला व दुसऱ्या बाजूनें साध्या फोनाला जोडावयाचा, कीं झालें. हा अडॅप्टर सामानांत टाकून दुसऱ्या गांवीं नेला तरी चालतो. समजा कोणीं तो पुण्यास आणला, तर नंबर न्यू जर्सीचा आणि घंटा सदाशिव पेठेंत! मौज खरी, परंतु त्यावरून कोणीं तिकडचा ९११ हा संकटकालीन नंबर लावला, तर मदतीची गाडी न्यू जर्सीच्या रिकाम्या घराशीं जाऊन उभी राहणार. अशा फोनांवरून वेळेवर मदत न मिळाल्याचे कांहीं प्रसंग तिकडे घडले, तेव्हां २००५ सालीं तेथील केंद्रीय दळणवळण आयोगानें नियम केला कीं ग्राहकाचा राहता पत्ता नोंदवून घेतल्याखेरीज कंपनीनें फोन चालू करूं नये. पत्ता बदलल्यास कळविण्याचें काम मात्र ग्राहकाचें राहिलें. ज्यांचीं मुलें तिकडे आहेत अशा आई-वडिलांनीं पुढच्या रविवारीं नातवंडांच्या खोकल्याची चौकशी झाल्यावर एवढें विचारावें: ‘घर बदललेंत, तेव्हां फोनाचा पत्ता बदललात ना?’

आपल्या भिंतींत आलेल्या तंतूवरचा नंबर कंपनीच्या दप्तरीं आपल्याच पत्त्यावर असतो. तरीहि तो पत्ता नीट लिहिला आहे कीं नाहीं हें बिलावर पाहून घ्यावें. इमारतीचें नांव व मजला गाळलेला हमखास आढळतो. कांहीं कंपन्या घरचा नंबर मोबाइलमध्यें उघडण्याचें ॲप देतात. सोय चांगली आहे, पण घराबाहेर असतां ११२ लावावयाची वेळ आली तर ती अशा ॲपमधून लावूं नये, मोबाइलच्या आपल्या सिमवरूनच लावावी. फोनाशेजारीं एक पुठ्ठा टांगून त्यावर मोठ्या अक्षरांत घराचा पूर्ण पत्ता, डॉक्टरांचा नंबर व ११२ लिहून ठेवावें. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता आठवत नाहीं, हें वाचून हंसूं येईल; पण तें खरें आहे. आणखी एक बारीकशी गोष्ट. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनावरून मोबाइल लावतांना आधीं शून्य फिरवावें लागतें. मधल्या वर्षांत ज्यांनीं घरचा फोन वापरलाच नाहीं त्यांना हें ठाऊक नसतें. आजीबाईंच्या वहींतील प्रत्येक मोबाइल नंबरामागें कोणीतरी बसून ठळक शून्य काढून द्यावें. मुलांना सुटींत देण्याजोगें हें काम आहे.

पेटी कोठें बसवावयाची हें घरच्या माणसांनीं आधीं ठरवावें. जोडणी करणारा माणूस ती जेथें त्याची तार संपेल तेथें बसवितो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत ती थोरल्या चिरंजीवांच्या खोलींत बसली. चिरंजीव काटकसरी, कामावर जातांना खोलींतील सर्व बटणें बंद करून जात. दिवसभर घरचा फोन मेलेला, संध्याकाळीं सातला तो जिवंत होई. दोन महिने घरांतील मंडळी कंपनीच्या नांवानें बोटें मोडीत होतीं, आणि कंपनीचा माणूस यावयाचा तोहि नेमका चिरंजीव घरीं असतां, संध्याकाळीं! पेटी दिवाणखान्यांत असावी, व तिच्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवून ‘बंद करूं नये’ असें लिहावें. वाय-फायचा छापील परवलीचा शब्दहि त्याच दिवशीं बदलून टाकावा.

यंत्राविषयीं थोडें. काळा, जड, चकतीचा जुना फोन पुष्कळ घरीं जपून ठेवलेला असतो व तो नव्या पेटीला जोडण्याचा मोह होतो. जोडल्यास घंटा वाजेल, बोलतांहि येईल, पण नंबर फिरवितां येईलच असें नाहीं. चकती परत फिरतांना तारेवरचा प्रवाह मोजून तोडते, पांचासाठीं पांच वेळां. ही ठोक्यांची भाषा पुष्कळ नव्या पेट्यांना कळत नाहीं. त्यांना बटणांच्या सुरांची भाषा कळते. बटणांच्या फोनाच्या बाजूला किंवा पोटाशीं ‘टी’ व ‘पी’ अशीं अक्षरें असलेली लहान कळ असल्यास ती ‘टी’कडे असावी. बिनतारी, हातांत घेऊन हिंडण्याचा फोन सुबक दिसतो खरा, परंतु त्याच्या बैठकीला स्वतःची वीज लागते. पेटी बॅटरीवर जिवंत आणि बैठक मात्र मेलेली, असा प्रकार होतो. म्हणून घरांत निदान एक तरी दोरीचा साधा फोन ठेवावा. त्याला लागणारी वीज पेटीच पुरविते.

ज्या घरांत माडीवर व स्वयंपाकघरांत फोनाच्या जुन्या तारा आधींच फिरलेल्या आहेत, तेथें पेटीची तार त्यांनाच जोडली कीं सगळीकडे घंटा वाजूं लागते. येथें एक पथ्य कडकपणें पाळावें. बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधीं समूळ सोडवावी. तिच्यावर अजून केंद्राचा ४८ व्होल्टांचा दाब असूं शकतो, आणि तो पेटींत शिरला तर पेटी जळण्याचा संभव असतो. पेटीचा आवांका लहान असतो हेंहि लक्षांत असावें. दोन-तीन फोनांच्या घंटा ती वाजवील. धातूच्या घंटेचे चार जुने फोन एकदम जोडले तर एकहि धड वाजणार नाहीं.

शेवटीं कागदपत्रें. कंपनी बदलली तरी मोबाइलचा नंबर बरोबर नेण्याची सोय २०११ सालीं देशभर झाली. घरच्या फोनाला ती सोय मिळालेली नाहीं. म्हणून भारत संचार निगमची तांब्याची जोडी असेल व चाळीस वर्षांचा तोच नंबर हवा असेल, तर त्यांचाच तंतु घेऊन त्यावर तोच नंबर मागावा, अर्जांत तसें स्पष्ट लिहावें आणि पोंच घ्यावी. दुसऱ्या कंपनीकडे जावयाचें असल्यास नंबर नवा मिळेल. तशा वेळीं जुना फोन घाईनें बंद करूं नये. महिना-दोन महिने दोन्ही चालूं ठेवावे व तेवढ्या अवधींत बँक, गॅसचें दुकान, पेन्शनचें कार्यालय, दवाखाना व शाळा यांना नवा नंबर कळवावा. जे आप्त वर्षांतून एकदांच, दिवाळीला, फोन करतात त्यांची यादी सर्वांत आधीं करावी. त्यांच्याजवळ आपला दुसरा कोणताच नंबर नसतो.

फोन कोणाच्या नांवावर आहे तेंहि पाहावें. कित्येक घरीं तो अजून आजोबांच्या नांवावर असतो, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षें झालेलीं असतात. बिल येतें, कोणीतरी भरतो, आणि नांव तसेंच राहतें. तंतूसाठीं ओळखपत्र मागितलें म्हणजे हें उघडकीस येतें. मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमति जोडून आधीं नांव बदलून घ्यावें, मग नंबर तंतूवर नेण्याचा अर्ज करावा. क्रम उलटा केल्यास दोन्ही अर्ज एकमेकांसाठीं अडून बसतात. जुनी जोडणी बंद करतांना खात्याचें यंत्र परत केल्याची पावती घ्यावी, आणि आजोबांनीं त्या काळीं भरलेली अनामत रक्कम परत मागावी. तिची मूळ पावती बहुधा त्यांच्या लोखंडी पेटींत, विजेच्या व घरपट्टीच्या जुन्या पावत्यांबरोबर, दाभणानें ओंवलेली सांपडते.